सदतीस नंबरची पऱ्हाटी

सुपात दोनशे अकरा सरक्या होत्या. मी त्या तीनदा मोजल्या. एकोणीस सरक्यांना किडीनं भोक पाडलेलं होतं. सात पोचट होत्या, बोटानं दाबल्या की चपट्या व्हायच्या. उरल्या एकशे पंच्याऐंशी. सुपाशेजारी पितळी ताटलीत कापसाच्या तेवीस वाती वळून ठेवलेल्या होत्या आणि चोविसावी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर लावलेल्या पाच खड्यांपुढे जळत होती.

"म्याडम, आता मोजून का होते?" केंद्राच्या शेतावर मजुरी करणाऱ्या पंचफुलाबाई म्हणाल्या. "दहीभात घ्या. सीतादहीचा निवद हाये, नाई म्हणू नये."

"या सरक्या कोणत्या झाडांच्या आहेत, मावशी?"

"तुमच्याच. लाल चिठ्ठीवाल्या पऱ्हाट्यांच्या."

"ते कळलं. कोणती सरकी कोणत्या झाडाची?"

त्यांनी सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता ते कसं सांगाव, बाप्पा? कापूस तं एकाच ओटीत तोडला."

मी सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. समोर शेतातला चौसष्ट झाडांचा माझा तुकडा होता, आणि त्यात एकही झाड सरळ उभं नव्हतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून विदर्भातल्या एका छोट्या कापूस संशोधन केंद्रावर शिष्यवृत्तीवर लागले होते. आमचं काम गावरान कपाशीवर चालायचं. ही आपल्याकडची जुनी, काटक जात. महिनाभर पाऊस आला नाही तरी मान टाकत नाही, मावा-तुडतुडे तिच्या फारसे वाटेला जात नाहीत. पण तिचा धागा आखूड. बावीस मिलिमीटर, फार तर तेवीस. सूतगिरणीला अठ्ठावीस लागतो, म्हणून गावरान कोणी लावत नाही. लांब धाग्याच्या दुसऱ्या एका वाणातून गुणसूत्राचा नेमका तुकडा उचलून गावरानात आणायचा, असा केंद्राचा सहा वर्षांचा प्रयत्न होता.

तुकडा आला होता. पण त्याला चिकटून शेजारचाही एक तुकडा आला होता, आणि तो घातक होता. तो असला की बोंडं लिंबाएवढी होण्याआधीच गळायची. झाडाला धागा लांब, पण बोंडं चार. ही जोडी तोडणं माणसाच्या हातात नसतं. झाड पराग आणि बीजांड तयार करतं तेव्हा गुणसूत्रांची आपसांत अदलाबदल होते, आणि त्यात कधीतरी हजारात एकदा नेमक्या त्या दोन तुकड्यांच्या मधे काप बसतो. आपल्याला एवढंच करता येतं, की पानाचा तुकडा घेऊन त्यातला डीएनए काढायचा आणि बसला का ते बघायचं. सहा वर्षांत जवळजवळ नऊशे झाडं तपासून झाली होती. काप बसलेलं एकच सापडलं होतं, त्याच वर्षी, माझ्या चौसष्ट झाडांत. नंबर सदतीस.

त्याला मी लाल चिठ्ठी बांधली होती. आणखी पाच झाडांनाही लाल चिठ्ठी होती. त्यांच्यात दोन्ही तुकडे होते, चांगला आणि वाईट. ती फक्त तुलनेसाठी ठेवली होती. फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळीचं टोक दोऱ्यानं बांधायचं, म्हणजे मधमाशी आत जात नाही आणि फुलाला स्वतःचेच पराग मिळतात. सहाही झाडांच्या कळ्या पंचफुलाबाईंनी अशा बांधल्या होत्या. पण दोरा राहतो देठाला, आणि देठ राहतो झाडाला. ओटीत पडलेल्या बोंडावर कुठलीही खूण नसते.

त्या दिवशी पहाटे रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप कुंपण ओलांडून आत शिरला होता. शेंडे, फुलं, हिरवी बोंडं, सगळं खाऊन, तुडवून गेला. बाया सातला कामावर आल्या. मी नऊच्या बसनं आले. मधल्या दोन तासांत त्यांनी त्यांच्या परीनं शहाणपणाचं काम केलं होतं. आडव्या पडलेल्या लाल चिठ्ठीच्या झाडांवर जी बोंडं उमललेली होती, ती चिखलात आणि दवात सडू नयेत म्हणून तोडून घेतली होती. पण तो हंगामाचा पहिला कापूस. आमच्या भागात सीतादहीची पूजा केल्याशिवाय पहिला कापूस शेताबाहेर नेत नाहीत. धुऱ्यावर खडे मांडायचे, दहीभात ठेवायचा, नव्या कापसाची वात लावायची. वात वळायची तर कापसातून सरकी काढावी लागते. त्यांनी ती काढली होती, सगळी, हातानं, आणि एका सुपात टाकली होती.

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तुमी होत्या कुठं विचाराले? अन् देवीचा पयला कापूस का तुमच्या खोलीत कुलपात कोंडाचा?" बेबी म्हणाली. बेबी पंचफुलाबाईंची पुतणी, त्यांच्याच टोळीत कामाला. "रोह्यानं खाल्लं त्याचं कोनी काई बोलत नाई. आमी वाचोलं तं आमच्यावर डोळे."

"तू गप वं," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मी सदतीसच्या जागेवर गेले. झाड बुडापासून मोडून सोललं गेलं होतं, साल लोंबत होती. वर एकही बोंड नव्हतं. तीन फांद्या नव्हत्याच. मी परत आले. 

"मावशी, सदतीसचं बोंड होतं का यात? उमललेलं?"

पंचफुलाबाई माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "दोन होते."

"नक्की?"

"मायाच हातानं तोडले न."

बेबीनं त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग पळसाच्या पानावर दहीभात वाढायला घेतला.

*

उमाळे सर केंद्राचे मुख्य पैदासकार. कपाशीत तीस वर्षं घालवलेला माणूस. ते रागावले की आवाज खाली जायचा.

"म्हणजे सहा वर्षांच्या कामाची वात करून लावली," ते म्हणाले. "कोणावर कारवाई करू? रोह्यावर तर करता येत नाही."

"कोणावरच नको सर. सरक्या आहेत. मी सगळ्या लावते आणि एकेक तपासते."

"कशासाठी? मागच्या पिढीचं बी शीतकपाटात आहे. जूनमध्ये पुन्हा पेरू, पुन्हा शोधू. दुसरं सदतीस मिळेल."

"नऊशे झाडांत एक मिळालं होतं, सर. आणि माझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते."

"मग दुसरं कोणी शोधेल. संशोधन हे काय कोणा एकाचं असते?"

मी खुर्चीवरून उठले नाही. सरांनी बडीशेपेची डबी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि समोरचा कागद उलटा करून त्यावर आकडे मांडायला लागले. हिशेब पडताळल्याशिवाय त्यांना नाही म्हणता यायचं नाही.

"दोन बोंडं म्हणते ती. गावरान बोंडात सतरा-अठरा सरक्या. पस्तीस धर. स्वपरागण आहे, म्हणजे त्यातल्या पाऊण हिश्शात चांगला तुकडा येईल. सव्वीस. एकशे पंच्याऐंशीत सव्वीस, म्हणजे सातांत एक." त्यांनी पेन ठेवलं. "लाव. पहिल्या साठांत एक जरी दिसलं तर पुढे जाऊ. नाही दिसलं तर विषय बंद. मंजूर?"

"मंजूर."

*

नोव्हेंबर लागला होता, थंडी पडायला लागली होती. कपाशीला थंडीत उगवायचा कंटाळा. उबेला म्हणून पॉलिहाऊसच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात आम्ही चहाचे कागदी कप मांडले. बुडाला भोक, आत माती आणि शेणखत, आणि एका कपात एक सरकी. कप भरायला पंचफुलाबाई आणि बेबी होत्या.

"एवढ्या कपात चहा देला असता तं गाव खूश झालं असतं," बेबी म्हणाली.

"सरकी अशीच टाकू नोका म्याडम," पंचफुलाबाई म्हणाल्या. "शेणकाल्यात घोळा अन् राखेत चोळा. रोवा बसते. मंग मोकळी होते."

"तेजाब वापरतात त्यासाठी. सरकीवरची ती लव जळून जाते."

"वापरा. मी काऊन नाई म्हणू? पन एकशे पंच्याऐंशीच हायेत, तेजाबानं सरकीच जळली तं?"

मी शेणकाला वापरला. एकशे बासष्ट उगवल्या.

तीन आठवड्यांनी पहिली खरी पानं आली. कागदाला भोक पाडायच्या यंत्रानं प्रत्येक रोपाच्या पानाचा वाटाण्याएवढा गोल कापायचा, तो वाटून त्यातला डीएनए काढायचा, आणि मग दोन चाचण्या. एका चाचणीत चांगल्या तुकड्याची पट्टी दिसते, दुसरीत वाईटाची. जेलच्या एका पाटावर वीस रोपं बसायची. मला हवं होतं असं रोप, ज्यात पहिली पट्टी आहे आणि दुसरी नाही.

पहिल्या पाटावर वीसपैकी पंधरांत पहिली पट्टी होती. त्या पंधराही रोपांत दुसरीही होती. दुसऱ्या पाटावर तेच. तिसऱ्यावर तेच. पट्ट्या एकीखाली एक, जणू बायकोशिवाय नवरा कुठे जायचाच नाही असं ठरलेलं.

साठ झाली. एकही नाही.

"तुला संभाव्यता येते," उमाळे सर म्हणाले. "सांग."

"सातांत एक असताना साठांत शून्य." मी ते आधीच काढलं होतं. "दहा हजारांत एकदा असं होईल."

"मग?"

"मग बहुधा सरक्या नीट मिसळल्या नसतील, सर. मी कप सुपाच्या एका कडेनं भरत गेले. सदतीसच्या दुसऱ्या कडेला राहिल्या असतील."

"सूप आहे ते, मिताली. पाखडतात त्यात. पाखडलेलं कडेला राहते?" ते हसले, पण कुत्सितपणे नाही. "सोपं उत्तर हे आहे की सदतीसची सरकी त्यात नव्हतीच. त्या बाईला आठवण नसेल. एकाच ओटीत सहा झाडांचा कापूस, कोणाला आठवेल?"

मी पॉलिहाऊसमध्ये गेले. पंचफुलाबाई कपांना पाणी घालत होत्या, कडेकडेनं, एकेका घोटानं.

"मावशी, सदतीसची दोन बोंडं. नीट आठवून सांगा. कुठल्या फांदीची?"

त्यांचा हात थांबला. "खालच्या."

"दोन्ही?"

"एक खालच्या. एक... त्याच्या वरच्या."

"पूर्ण उमललेली होती?"

"चांगली फुटेल होती न. पांढरीशुभ्र." त्या पुन्हा पाणी घालायला लागल्या. "मले का इचारता पुन्यापुन्यांदा? कोर्टात हाये का मी?"

मी परत सरांकडे गेले. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणाले, "सर, गणित बरोबर आहे. पण मी ज्या माणसाला विचारलं त्यानं डोळ्यांनी पाहिलंय आणि हातानं तोडलंय. एकशे दोन रोपं राहिली आहेत. ती न बघता फेकली, तर आपण बघितलं असं म्हणता येणार नाही."

"डीएनए काढायचं रसायन जानेवारीच्या प्रात्यक्षिकासाठी ठेवलं आहे."

"मला तयार रसायन नको. जुन्या पद्धतीनं काढते, खलबत्त्यात."

"एका पाटाला चार दिवस लागतील तुला."

"लागू देत."

त्यांनी बडीशेपेची डबी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. "एक जानेवारीला पॉलिहाऊस मोकळं पाहिजे," ते म्हणाले. "मिरचीची रोपं यायची आहेत. त्या दिवशी कप बाहेर, तुझा निकाल येवो न येवो."

"हो सर."

"हट्टी आहेस."

"हो सर."

*

खलबत्त्यात पान वाटायचं तर त्याला गोठवावं लागतं, नाहीतर कपाशीचा चिकट रस सगळं नासवतो. त्या महिन्यात माझ्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. चौथा पाट: नाही. पाचवा: अर्धा नासला, पुन्हा केला, नाही. सहावा: नाही. प्रयोगशाळेतले बाकीचे लोक मला विचारेनासे झाले. जेवणाच्या सुट्टीत बेबी एकदा म्हणाली, "म्याडमचं सदतीस म्हंजे हरवेल म्हैस झाली. दावं घेऊन फिरून राह्यल्या." सगळ्या हसल्या. पंचफुलाबाई हसल्या नाहीत.

सहाव्या पाटाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बावीस वर्षं केंद्रात काम करत होत्या, पण त्या दारापर्यंत कधी आल्या नव्हत्या. चपला बाहेर काढल्या होत्या.

"या ना मावशी."

"नाई, इथंच बरी." त्यांनी आत सगळीकडे नजर फिरवली. "अजून किती राह्यले?"

"बेचाळीस."

"मंग राहू द्या न आता."

"का?"

"डोळे पाहा तुमचे. लाल झाले. जेवत तं नाईच तुमी. एका झाडापाई कोनी जीव देते का?"

"जीव कुठे देतेय? आणि राहू कसं द्यायचं? तुम्हीच म्हणालात ना, दोन होती म्हणून."

 त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "बरं," आणि चपला हातात घेऊनच निघून गेल्या.

सातवा पाट: नाही.

आठव्या पाटावर तिसऱ्या घरात, एकशे त्रेचाळीस नंबरच्या कपात, पहिली पट्टी होती. मी दुसऱ्या चाचणीचा पाट प्रकाशात धरला. पहिलं घर, पट्टी. दुसरं, पट्टी. तिसरं, मोकळं. चौथं, पट्टी.

मी कोणाला हाक मारली नाही. पॉलिहाऊसमध्ये जाऊन त्या रोपाचं दुसरं पान घेतलं आणि सगळं पुन्हा केलं. मग तिसरं पान घेतलं. रोपाला तेव्हा पानंच पाच होती.

उमाळे सरांनी तिन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिले.

"दूषित झालं नसेल?"

"तीन वेगळी पानं, तीन वेगळे दिवस. डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेलं घर तिन्ही वेळा मोकळं आहे."

"आणि राहिलेली?"

"आणखी दोन होती, एकशे एकसष्ट आणि बासष्ट. काल केली. त्यांत नाही."

"म्हणजे एकशे बासष्टांत एक." ते खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ त्यांनी डबी उघडली नाही. "मिताली, पस्तीसातल्या सगळ्या उगवल्या नाहीत असं धरलं, तरी वीसेक यायला हव्या होत्या. एक आली. सदतीसची एखादी सरकी आली असती, तर तिच्या बहिणीही आल्या असत्या."

हे मलाही सुचलं होतं. मी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं, एवढंच.

"आई शोध," सर म्हणाले.

ते अवघड नव्हतं. स्वपरागणाच्या सरकीत आईखेरीज दुसऱ्या कोणाचं काही नसतं, आणि लाल चिठ्ठीची सहा झाडं गुणसूत्रांवर इतर काही ठिकाणी एकमेकांहून वेगळी होती. त्यांच्या पानांचा डीएनए माझ्याकडे ऑगस्टपासून होता. मी त्या ठिकाणच्या सहा चाचण्या लावल्या, एकशे त्रेचाळीसवर आणि मग, सुरुवात केलीच होती म्हणून, उरलेल्या सगळ्या रोपांवरही. एकतीस डिसेंबरला दुपारी ते संपलं.

एकशे बासष्टांत सदतीसचं एकही अपत्य नव्हतं.

एकशे त्रेचाळीस हे बाराव्या नंबरच्या झाडाचं होतं. तुलनेसाठी ठेवलेलं. तोडणी झाल्यावर उपटून टाकायचं असं मी सप्टेंबरमध्येच ठरवलेलं. त्याच्या एका कळीत, दोऱ्यानं टोक बांधलेल्या, काप नेमक्या जागी नव्यानं बसला होता. सरक्या झाडवार वेगळ्या असत्या, तर सदतीसची एकही नाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि बाराच्या कोणी तपासल्याही नसत्या.

पंचफुलाबाई धुऱ्यावर बाकीच्या बायांसोबत डबा उघडून बसल्या होत्या. मला पाहून बेबी सरकली, जागा करून दिली.

"सापडली म्हने तुमची म्हैस?"

"सापडली. पण सदतीसची नाही. बाराची आहे." मी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. "सदतीसची एकही नाही, मावशी. सगळ्या तपासल्या."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि तसाच हातात धरून ठेवला.

"नव्हतीच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सदतीसले बोंडच नव्हतं, म्याडम. आमी आलो तवा पऱ्हाटी आडवी पडेल होती. जे होतं ते रोह्यानं खाल्लं होतं. एक बोंड नाई, अर्धं नाई."

"म्या तवाच म्हनणार होती," बेबी म्हणाली. "यायनं डोळे वटारले."

"मग हो का म्हणालात?" मी विचारलं. "आणि पुन्हा विचारलं तेव्हा? खालच्या फांदीचं, वरच्या फांदीचं. पांढरंशुभ्र!"

"एकदा हाव म्हटल्यावर मंग फांदी नाई सांगाव लागत का?" त्या जरा चिडून म्हणाल्या. मग आवाज उतरला. "तुमचं तोंड पाह्यलं होतं तुमी त्या दिवशी? सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लेकरू गेल्यावानी. म्या म्हटलं, नाई म्हनलं तं ही पोट्टी आत्ताच्या बसनं घरी जाते अन् येतच नाई. म्हटलं, दोन-चार दिवस शोधन, मंग इसरन. तुमी तं महिने लावले, बाप्पा! मले रातभर झोप नाई. सांगाले आलती एक दिवस दारात. तं तुमी मलेच माये शब्द सांगतले."

बेबी हसायला लागली. तिला थांबता येईना. पंचफुलाबाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग हातातला घास माझ्यासमोर धरला.

"खा आता. आजचं खा."

मी खाल्ला. अंबाडीची भाजी होती, भरपूर तिखट.

*

एक जानेवारीला मिरचीची रोपं आली आणि एकशे एकसष्ट कप बाहेर गेले. एकशे त्रेचाळीस मोठ्या कुंडीत लावून सरांच्या खोलीच्या दक्षिणेच्या खिडकीत ठेवलं. त्याच्या कळ्या मार्चमध्ये पंचफुलाबाईंनी बांधल्या. सरांनी माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीसाठी पत्र लिहिलं, दोनदा फेटाळलं गेलं, तिसऱ्यांदा सहा महिने मिळाले. जूनमध्ये एकशे त्रेचाळीसच्या सरक्यांची अठ्ठेचाळीस रोपं शेतात लावली. ज्यांना पराग आणि बीजांड दोन्हीकडून चांगला तुकडा मिळाला होता, अशी अकरा रोपं पानं तपासून निवडली. कुंपणाला त्या वर्षी दुहेरी तार होती.

या गोष्टीला आज अकरा वर्षं झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला निकालाचा दिवस गुरुवार होता. धाग्याची लांबी मोजायचं यंत्र दुसऱ्या शहरात होतं, निकाल फोनवर यायचा होता. सर, मी, पंचफुलाबाई, असे तिघं सरांच्या खोलीत होतो. बेबी दारात उभी होती, चपला घालून. फोन मी उचलला. पलीकडच्या माणसानं आकडे सांगितले, मी ते कागदावर, आम्ही शेतात मोजलेल्या बोंडांच्या आकड्यांशेजारी घेतले आणि एकदा परत विचारून खात्री केली.

"वाच," सर म्हणाले.

मी वाचलं.

"अकरा झाडं. शेजारच्या ओळीतलं गावरान, बावीस पूर्णांक एक मिलिमीटर, झाडावर टिकलेली बोंडं सरासरी चौतीस. आपलं, धाग्याची लांबी अठ्ठावीस पूर्णांक चार. टिकलेली बोंडं सरासरी तेहतीस."